वाट्याचे पाणी आणि नदीचे पाणी : गोड्या पाण्याच्या संरक्षणासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांची चिकित्सा

प्रस्तावना

पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी गोडे पाणी सुमारे अडीच टक्के असून त्यातील दोन तृतीयांशाहून अधिक हिमनद्या व बर्फाच्या थरांत गोठलेले आहे. हे आकडे पर्यावरणशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येतात. त्यामानाने एक गोष्ट कमी वेळा सांगितली जाते : जगातील गोड्या पाण्याच्या प्रवाहापैकी सुमारे साठ टक्के प्रवाह एकाहून अधिक राष्ट्रांत विभागलेल्या खोऱ्यांतून वाहतो. त्यामुळे गोड्या पाण्याचे संरक्षण हा कोणत्याही एका देशाच्या कायद्यापुरता प्रश्न राहत नाही. १९७२ ची स्टॉकहोम परिषद, १९७७ ची मार देल प्लाता येथील जलपरिषद, १९९२ मधील डब्लिन आणि रिओ, २०१० चा पाण्याच्या मानवी हक्काविषयीचा आमसभेचा ठराव, २०१५ ची शाश्वत विकास उद्दिष्टे आणि २०२३ ची न्यूयॉर्क येथील जलपरिषद अशी या क्षेत्रातील प्रयत्नांची लांबलचक मालिका सांगता येते.

या मालिकेकडे पाहण्याची रूढ पद्धत क्रमिक प्रगतीची आहे. जाणीव वाढली, करार वाढले, म्हणून संरक्षण वाढले, असा तिचा सूर असतो. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी केली आहे. आंतरराष्ट्रीय जलकायद्याचा पाया पाण्याच्या वाटणीत आहे आणि संरक्षणाचा विचार त्यावर नंतर चढविलेला मजला आहे. वाटणीला प्रत्येक राष्ट्र हा दावेदार असतो. नदीच्या वतीने दावा सांगणारा मात्र कोणीही नसतो. जेथे असा दावेदार एखाद्या कायमस्वरूपी संयुक्त संस्थेच्या रूपाने निर्माण झाला, तेथेच संरक्षण कागदावरून प्रत्यक्षात उतरले, असे उपलब्ध उदाहरणांवरून दिसते.

१९९७ चा जलप्रवाह करार

अमेरिकेचे महान्यायवादी जडसन हार्मन यांनी १८९५ मध्ये रिओ ग्रँदे नदीच्या वादात असे मत दिले होते की, आपल्या भूमीवरील पाण्याचा हवा तसा वापर करण्याचा राष्ट्राचा अधिकार निरंकुश आहे. गंमत अशी की, ज्या वादासाठी हे मत दिले गेले तो वाद १९०६ मध्ये मेक्सिकोला पाणी देण्याचा तह करूनच मिटविण्यात आला. तरीही वरच्या अंगाच्या राष्ट्रांच्या युक्तिवादांतून हार्मन यांची छाया पूर्णपणे कधी हटली नाही. तिला पहिले भक्कम उत्तर दिले ते आंतरराष्ट्रीय विधी संघटनेच्या १९६६ च्या हेलसिंकी नियमांनी. खोऱ्यातील प्रत्येक राष्ट्राला पाण्याचा न्याय्य व वाजवी वाटा मिळाला पाहिजे, हे त्यांचे सूत्र होय. हे नियम विद्वानांच्या संघटनेने केलेले असल्यामुळे कोणावरही बंधनकारक नव्हते. बंधनकारक मसुदा तयार करण्याचे काम संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने १९७१ मध्ये हाती घेतले आणि १९९४ मध्ये पूर्ण केले. २१ मे १९९७ रोजी आमसभेने तो स्वीकारला.

या कराराच्या तीन कलमांतील परस्परसंबंध पाहणे आवश्यक आहे. पाचवे कलम न्याय्य व वाजवी वापराचे, सातवे इतर राष्ट्रांना लक्षणीय हानी न पोचविण्याचे आणि विसावे परिसंस्थांच्या रक्षणाचे आहे. पाचव्या आणि सातव्या कलमांत श्रेष्ठ कोणते, यावर वाटाघाटींचा फार मोठा काळ खर्ची पडला. वरच्या अंगाच्या राष्ट्रांना पाचवे कलम सोयीचे वाटते, कारण अद्याप न वापरलेल्या पाण्यावर त्याआधारे हक्क सांगता येतो. खालच्या अंगाच्या राष्ट्रांना सातवे कलम आपल्या प्रस्थापित वापराची ढाल वाटते. अखेरीस हानी झाल्यास पाचव्या व सहाव्या कलमांचा योग्य तो विचार करून उपाय योजावेत, अशी दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीने वाचता येईल अशी शब्दरचना स्वीकारण्यात आली.

या ओढाताणीत विसाव्या कलमाकडे कोणाचेही फारसे लक्ष गेले नाही आणि ते जवळजवळ निर्विवाद संमत झाले. त्याची भाषा स्वच्छ आहे : तटवर्ती राष्ट्रांनी स्वतंत्रपणे आणि आवश्यक तेथे संयुक्तपणे जलप्रवाहाच्या परिसंस्थांचे रक्षण व जतन करावे. परंतु ज्या तरतुदीवर वाद होत नाही ती बहुधा कोणाच्या हितसंबंधाला धक्का लावत नाही, हेही तितकेच खरे. सहाव्या कलमात न्याय्य वाटा ठरविताना विचारात घ्यावयाच्या घटकांची सूची आहे. तीत पर्यावरणीय घटक भौगोलिक, जलशास्त्रीय व हवामानविषयक घटकांच्या ओळीत एक नैसर्गिक वैशिष्ट्य म्हणून येतो आणि जतनाचा उल्लेख विकास, काटकसर व खर्च यांच्या सोबतीला येतो. नदीत किती पाणी राहिलेच पाहिजे, हा प्रश्न स्वतंत्र घटक म्हणून या सूचीत नाही. म्हणजे विसाव्या कलमाने जे मान्य केले त्याला सहाव्या कलमाच्या हिशेबात स्वतःचा रकाना मिळालेला नाही.

भूजलाबाबत करार याहूनही संकुचित आहे. भूपृष्ठीय पाण्याशी जोडलेले आणि सामान्यतः एकाच ठिकाणी जाऊन मिळणारे भूजलच त्याच्या व्याख्येत बसते. बंदिस्त जलधरांसाठी विधी आयोगाने २००८ मध्ये १९ कलमांचा वेगळा मसुदा दिला. आमसभेने त्याची दखल घेतली, पण त्याचा करार झालेला नाही.

मतदान आणि भारताची दुहेरी भूमिका

आमसभेत १०३ राष्ट्रांनी कराराच्या बाजूने, तर चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी या ३ राष्ट्रांनी विरोधात मत दिले. २७ राष्ट्रे तटस्थ राहिली. विरोध करणारी तिन्ही राष्ट्रे महत्त्वाच्या नद्यांच्या उगमाकडील आहेत, हा योगायोग नव्हे. बाजूने मत देणाऱ्यांचा उत्साहही मतदानापुरताच टिकला. करार अमलात येण्यासाठी ३५ राष्ट्रांचे अनुसमर्थन हवे होते. हा आकडा गाठण्यास १७ वर्षे लागली आणि व्हिएतनामच्या अनुसमर्थनानंतर १७ ऑगस्ट २०१४ रोजी करार अमलात आला. त्यात चीन नाही, भारत नाही, इथिओपिया नाही आणि इजिप्तही नाही.

भारत आणि पाकिस्तान दोघेही तटस्थ राहिले. बांगलादेश व नेपाळ यांनी बाजूने मत दिले. तंटा निवारणाच्या ३३ व्या कलमातील सत्यशोधन समितीची सक्ती भारताला मान्य नव्हती. गंगेच्या संदर्भात बांगलादेशाचा विचार केला तर ही भूमिका समजण्याजोगी आहे. तेथे भारत वरच्या अंगाला आहे. ब्रह्मपुत्रेच्या संदर्भात मात्र चित्र उलटे होते. तिबेटात यारलुंग त्सांगपो या नावाने वाहणाऱ्या या नदीवर भारत आणि चीन यांच्यात पाणीवाटपाचा कोणताही तह नाही. पावसाळी प्रवाहाची माहिती देण्यासाठी २००२ पासून जो सामंजस्य करार होता, तो २०२३ मध्ये संपला. २०१७ मध्ये, डोकलामच्या तणावाच्या वर्षी, चीनने ही माहिती दिलीच नव्हती. नदीच्या मोठ्या वळणावरील प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम चीनने जुलै २०२५ मध्ये सुरू केले. नियमित माहिती देण्याचे नववे कलम आणि नियोजित प्रकल्पांची पूर्वसूचना देण्याचे बारावे कलम आसामच्या दृष्टीने किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मात्र जी तत्त्वे भारत खालच्या अंगाने मागू इच्छितो ती वरच्या अंगाने देण्यास तो राजी नाही, आणि या विसंगतीची चर्चा आपल्याकडील जलधोरणविषयक लेखनात क्वचितच आढळते. चीनने तर विरोधातच मत दिलेले असल्याने भारताने करार स्वीकारला म्हणून चीन बांधला जाणार नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो खरा आहे. परंतु रूढीने तयार होणाऱ्या आंतरराष्ट्रीय कायद्यात मोठ्या राष्ट्रांच्या आचरणाला वजन असते, याकडे त्यात दुर्लक्ष होते.

ऱ्हाईन नदीचा अनुभव

संरक्षणाच्या यशाचे उदाहरण म्हणून ऱ्हाईनचे नाव नेहमी घेतले जाते. ते योग्यच आहे. पण यशाची कारणे सांगताना घाई होते. ऱ्हाईनच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोग १९५० मध्ये स्थापन झाला आणि १९६३ च्या बर्न कराराने त्याला कायदेशीर अधिष्ठान मिळाले. त्यानंतरची दोन दशके त्याच्या नावावर मोठे यश जमा नाही. अल्सासमधील फ्रेंच पोटॅश खाणींतून नदीत सोडल्या जाणाऱ्या मिठामुळे खाली नेदरलँडमधील बागायतदारांचे नुकसान होत होते. १९७६ मध्ये क्लोराइडविषयक करार झाला. त्यात मीठ कमी करण्याचा खर्च वाटून घेताना फ्रान्स व जर्मनीने प्रत्येकी ३० टक्के, स्वित्झर्लंडने ६ टक्के आणि ज्याचे नुकसान होत होते त्या नेदरलँडने ३४ टक्के उचलण्याचे ठरले. हानी सोसणाराच सर्वांत मोठा वाटेकरी झाला. तरीही अल्सासमधील जनतेच्या विरोधामुळे १९७९ मध्ये फ्रेंच शासनाने अनुसमर्थनाचा प्रस्ताव मागे घेतला आणि करार अमलात येण्यास १९८५ उजाडले. पुढे खर्चाच्या हिशेबावरून दोन्ही देशांत झालेल्या वादात २००४ मध्ये लवादाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग नसल्याचे स्पष्ट केले. रिओ जाहीरनाम्यात मानाचे स्थान मिळालेल्या तत्त्वाची ही न्यायिक किंमत होती.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी बासेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझविण्यासाठी मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके आणि पाऱ्याची संयुगे नदीत उतरली, पाणी लाल झाले आणि शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये ऱ्हाईन कृती कार्यक्रम मंजूर झाला. महत्त्वाच्या प्रदूषकांचे प्रमाण १९८५ च्या तुलनेत १९९५ पर्यंत निम्मे करणे आणि २००० पर्यंत सालमन मासा नदीत परत आणणे, अशी मोजता येणारी उद्दिष्टे त्यात होती. बहुतेक प्रदूषकांबाबत पहिले उद्दिष्ट गाठले गेले. सालमन परतला, पण वरच्या ऱ्हाईनवरील धरणांमुळे बासेलपर्यंतचा त्याचा मार्ग अजून पूर्णपणे मोकळा झालेला नाही.

दुर्घटनेने लोकमत जागे केले, हे या यशाचे एक कारण आहे. परंतु दुर्घटना अनेक नद्यांवर घडतात. ऱ्हाईनवर दुर्घटनेच्या वेळी मोजमापांची मालिका, तज्ज्ञांचे गट आणि नियमित भेटीगाठींची सवय असलेली संस्था छत्तीस वर्षांपासून उभी होती. जिचे यश दिसत नव्हते त्या संस्थेनेच पुढील यशाची पूर्वतयारी करून ठेवली होती. सालमनला स्वतःचा वकील नव्हता. आयोगाच्या अहवालातील एका ओळीने ते काम केले.

युरोपीय आर्थिक आयोगाच्या १९९२ च्या हेलसिंकी येथील जलकराराने हा धडा नवव्या कलमात गिरवला आहे. त्यानुसार तटवर्ती राष्ट्रांनी संयुक्त मंडळे स्थापन करणे बंधनकारक आहे. याउलट १९९७ च्या कराराचे आठवे कलम अशा मंडळांचा ‘विचार करता येईल’ एवढेच म्हणते. दोन करारांतील हा फरक एका क्रियापदाचा दिसतो. व्यवहारात तो फार मोठा आहे. १९९२ चा करार २०१६ पासून जगातील सर्व राष्ट्रांना खुला झाला. २०१८ मध्ये चाड व सेनेगल त्यात सामील झाले आणि २०२५ मध्ये बांगलादेश हे त्यात जाणारे दक्षिण आशियातील पहिले राष्ट्र ठरले.

न्यायालयांचे योगदान आणि त्याच्या मर्यादा

करार मौन पाळतात तेथे न्यायालयांनी काही पावले टाकली आहेत. डॅन्यूबवरील गाबचिकोवो–नागीमारोस प्रकल्पाच्या वादात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सप्टेंबर १९९७ मध्ये, म्हणजे जलप्रवाह करार स्वीकारला गेल्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, त्याचा आधार घेतला आणि नदीच्या जुन्या पात्रात किती पाणी सोडावे, याचा नव्याने विचार करण्यास हंगेरी व स्लोव्हाकियाला सांगितले. याच निकालात न्यायमूर्ती वीरमंत्री यांनी आपल्या स्वतंत्र मतात श्रीलंकेच्या प्राचीन तलाव-परंपरेचा दाखला दिला होता. २०१० मध्ये उरुग्वे नदीवरील कागद-लगदा गिरण्यांच्या वादात, सीमापार लक्षणीय परिणाम संभवत असल्यास पर्यावरणीय आघात मूल्यांकन करणे ही सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्याची अपेक्षा असल्याचे न्यायालयाने सांगितले.

भारताच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे तो किशनगंगा निवाडा. १९६० च्या सिंधू जलकराराने सहा नद्यांची तीन-तीन अशी विभागणी केली. त्या काळाला अनुसरून त्यात पर्यावरणीय प्रवाहाची कल्पना नव्हती. झेलमची उपनदी असलेल्या किशनगंगेचे पाणी वळवून ३३० मेगावॅट वीज निर्माण करण्याचा भारताचा अधिकार लवाद न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये मान्य केला. पण त्याच वेळी आधुनिक पर्यावरणीय कायद्याच्या प्रकाशात जुना तह वाचला पाहिजे, असेही म्हटले. डिसेंबर २०१३ च्या अंतिम निवाड्यात नदीत सतत ९ घनमीटर प्रतिसेकंद प्रवाह ठेवण्याचे बंधन घालण्यात आले. पन्नास वर्षांपूर्वीच्या वाटणीच्या दस्तऐवजात नदीसाठी जागा काढण्याचे हे विलक्षण उदाहरण होय.

मात्र त्याच निवाड्यात लवादाने स्वतःला आवरही घातला आहे. पर्यावरणातील बदल कितपत स्वीकारार्ह मानावा आणि इतर गरजांशी त्याचा मेळ कसा घालावा, हे धोरणकर्त्याचे काम असून ते आपण अंगावर घेणार नाही, अशी त्याची भूमिका होती. ही भूमिका न्यायिक मर्यादेला धरून आहे. पण मग धोरणकर्ता कोण, हा प्रश्न उरतोच. सिंधू आयोग ही दोन आयुक्तांची, प्रत्येकी आपल्या शासनाला उत्तरदायी असलेली रचना आहे. पुढे पहलगाम येथील हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने हा करार स्थगित ठेवला. त्या निर्णयाची राजकीय व सुरक्षाविषयक कारणे येथे चर्चेचा विषय नाहीत. येथे एवढेच नोंदवावयाचे की, ९ घनमीटरचा तो प्रवाह ज्या दस्तऐवजाच्या अर्थनिर्णयातून आला त्याच्याच आयुष्याशी बांधलेला आहे. नदीचा हक्क म्हणून त्याला वेगळे अस्तित्व नाही.

रामसर आणि देशांतर्गत पडसाद

१९७१ चा रामसर करार या चौकटीत वेगळा दिसतो, कारण तो वाटणीतून जन्मलेला नाही. पाणथळ जागांचे रक्षण हाच त्याचा विषय. भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला आणि आज भारतातील रामसर स्थळांची संख्या नव्वदहून अधिक आहे. महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर, लोणार व ठाणे खाडी आणि गोव्यातील नंदा तळे ही त्यांपैकीच. धोक्यातील स्थळांच्या माँत्रो नोंदवहीत १९९३ मध्ये गेलेले चिलिका सरोवर समुद्राकडे नवे मुख उघडल्यानंतर २००२ मध्ये तीतून बाहेर आले. तेथेही चिलिका विकास प्राधिकरण ही संस्था आधीपासून काम करीत होती, हे विसरता येत नाही. परंतु रामसर जागेचे रक्षण करतो. त्या जागेकडे येणारा प्रवाह त्याच्या हाती नसतो. भरतपूरच्या केवलादेवची पाण्यासाठीची परवड हे त्याचे ठळक उदाहरण. नांदूर मधमेश्वर तर गोदावरी–कादवा संगमावरील बंधाऱ्यामुळे निर्माण झालेली पाणथळ जागा आहे. तिचे भवितव्य वरच्या धरणांतील विसर्गाच्या वेळापत्रकावर अवलंबून राहणार, हे उघड आहे.

आंतरराष्ट्रीय तत्त्वे देशातील आंतरराज्य तंट्यांतही झिरपली आहेत. कावेरी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात हेलसिंकी नियमांचा आधार घेतला. त्याआधी २००७ मध्ये कावेरी लवादाने एकूण ७४० टीएमसी पाण्याच्या वाटणीत पर्यावरणासाठी १० टीएमसी राखून ठेवले होते. हे प्रमाण दीड टक्क्याहूनही कमी आहे. २०१८ मध्ये राज्यांच्या वाट्यांत फेरफार झाला, कर्नाटकाचा वाटा १४.७५ टीएमसीने वाढला, पण पर्यावरणाचे १० टीएमसी तसेच राहिले. ते कमी झाले नाहीत याचे समाधान मानावे की वाढवून मागणारा पक्षकारच न्यायालयात नव्हता याची खंत करावी, हे वाचकाने ठरवावयाचे आहे.

गंगेच्या कराराची मुदत

२०२३ च्या न्यूयॉर्क परिषदेत सुमारे ७०० वचने नोंदविली गेली. ती सर्व ऐच्छिक होती. मार देल प्लातानंतर ४६ वर्षांनी भरलेल्या परिषदेचे फलित म्हणून हे फारच अपुरे आहे. त्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरू शकेल अशी संधी दक्षिण आशियाच्या दाराशी आलेली आहे. १२ डिसेंबर १९९६ चा भारत–बांगलादेश गंगा जलवाटप करार तीस वर्षांचा असून त्याची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. फराक्का येथील १ जानेवारी ते ३१ मे या काळातील प्रवाह दहा-दहा दिवसांच्या हप्त्यांनी वाटून घेण्याचे सूत्र त्यात आहे. प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असल्यास दोघांना निम्मे-निम्मे, ७०,००० ते ७५,००० असल्यास बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेले भारताला, ७५,००० किंवा अधिक असल्यास भारताला ४०,००० आणि उरलेले बांगलादेशाला. या सूत्राला जोडलेल्या तक्त्याचा आधार १९४९ ते १९८८ या काळातील सरासरी प्रवाह आहे. तीन दशकांपूर्वी हा आधार वाजवी होता. पावसाचे मान, हिमनद्यांची स्थिती आणि वरच्या राज्यांतील उपसा बदलल्यानंतर तो तसाच वापरणे शास्त्रीय दृष्ट्या टिकणारे नाही.

अधिक मूलभूत उणीव वेगळीच आहे. कराराच्या तक्त्यात भारताचा रकाना आहे, बांगलादेशाचा आहे; पाणी मात्र त्या दोघांत पूर्णपणे वाटून संपते. भारताचा वाटा १९७५ मध्ये सुरू झालेल्या फराक्का धरणाच्या कालव्यातून भागीरथी–हुगळीत जातो. बांगलादेशाच्या वाट्यातून गोराई नदी नैर्ऋत्येकडील जिल्ह्यांना आणि सुंदरबनाला गोडे पाणी पुरविते. कोरड्या ऋतूत गोराईच्या मुखाशी गाळ साचला की खारे पाणी आत शिरते आणि त्याची झळ भातशेतीला, पिण्याच्या पाण्याला व सुंदरी वृक्षाला बसते. सुंदरबन दोन्ही देशांत पसरलेले आहे, तरी वाटपाच्या सूत्रात त्याचा वाटा नाही.

संस्थेच्या बाबतीतही ऱ्हाईनची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्ही देशांचा संयुक्त नदी आयोग १९७२ पासून आहे. ५४ सामायिक नद्यांचा विषय त्याच्याकडे असताना त्याची ३७ वी मंत्रिस्तरीय बैठक २०१० मध्ये आणि ३८ वी ऑगस्ट २०२२ मध्ये झाली. मध्ये बारा वर्षे गेली. त्याच काळात, २०११ मध्ये, तीस्तेचा करार होता होता राहिला. फराक्का आणि हार्डिंज पूल येथे मात्र कराराने नेमलेली संयुक्त पथके कोरड्या ऋतूत रोजच्या रोज प्रवाह मोजतात, आणि राजकीय संबंध ताणलेले असतानाही हे काम चालू राहिले आहे. कायम संस्थेचे बीज असलेच तर ते येथे आहे. या पथकांना करार आज फक्त क्युसेक मोजावयास सांगतो. गोराईच्या मुखातील गाळ आणि खाली वाढणारी क्षारता मोजण्याचे काम त्याने त्यांच्याकडे सोपविलेले नाही.